काचेबाहेरून पाहिलेली घंटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या 'फॉल कलर्स'वर, म्हणजे शरदात रंग बदलणाऱ्या पानांवर, लेख आला होता. लेख सुरेखच होता. व्हर्मांट आणि न्यू हॅम्पशायरचे लालकेशरी डोंगर पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहिले. पण शेजारच्याच पानावर सहलींच्या जाहिराती होत्या आणि त्यांतल्या एका कार्यक्रमात फिलाडेल्फियापुढे फक्त 'फोटो स्टॉप' असं छापलं होतं. ते वाचलं आणि जुनं दुखणं वर आलं. म्हणून हे पत्र.

मी माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. नववी-दहावीच्या मुलांना अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध दरवर्षी शिकवायचे. नकाशावर बोस्टन आणि फिलाडेल्फिया दाखवून दाखवून तिथला कागद फाटला होता. निवृत्त झाल्यावर, ऑक्टोबर २०१८ मध्ये, आम्ही दोघं एका सहल कंपनीबरोबर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेलो. आयुष्यात एकदाच होणारा खर्च, असं समजून गेलो होतो. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही.

फिलाडेल्फियाला 'लिबर्टी बेल' या ऐतिहासिक घंटेच्या इमारतीपाशी बस थांबली तेव्हा मार्गदर्शकानं सांगितलं, "चाळीस मिनिटं आहेत. आत तपासणीची रांग मोठी आहे, घंटा बाहेरून काचेतूनही दिसते." त्यातली पंधरा मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. मग सगळे काचेकडे पाठ करून फोटो काढायला उभे राहिले. मी कपाळ काचेला टेकवून पाहिलं. माझाच चेहरा, मागची झाडं आणि त्यांच्या मधोमध कुठेतरी ती घंटा. तिचा तडासुद्धा नीट दिसला नाही. ज्या खोलीत ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, ती खोली रस्त्याच्या पलीकडे होती. तिथे आम्ही गेलोच नाही. त्यानंतर एका मॉलमध्ये बस अडीच तास थांबली. मी तिथल्या बाकावर बसून होते आणि मला रडू येत होतं, हे आमच्या ह्यांना परत आल्यावर सांगितलं.

पाच वर्षांनी, २०२३ च्या ऑक्टोबरात, लेकीकडे न्यू जर्सीला गेलो तेव्हा मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं की मला फिलाडेल्फियाला अख्खा दिवस हवा आहे. तिला रजा नव्हती. मग आम्ही दोघंच गेलो. ट्रेंटनला गाडी बदलायची, फिलाडेल्फियाच्या जेफरसन स्टेशनवर उतरायचं आणि तिथून दहा-बारा मिनिटं चालायचं, एवढंच. ह्यांचा गुडघा दुखरा, तरी जमलं. मंगळवार होता आणि सकाळचे साडेनऊ वाजले होते. रांगेत आमच्यापुढे वीस-पंचवीस माणसं असतील. जिच्या भीतीनं आम्हाला काचेबाहेर ठेवलं होतं, ती रांग पंधरा मिनिटांत संपली. लिबर्टी बेल पाहायला तिकीट नाही. जाहीरनाम्याची ती खोली ज्या इमारतीत आहे त्या समोरच्या इंडिपेन्डन्स हॉलसाठी वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं. तेही मोफत. ऑनलाइन राखून ठेवलं तर माणशी १ डॉलर, तो लेकीनं आधीच भरला होता.

आता त्या घंटेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण जवळून पाहिल्याशिवाय ती कळतच नाही. वजन २,०८० पौंड, म्हणजे साडेनऊशे किलोच्या आसपास. लंडनहून १७५२ मध्ये आणली आणि चाचणीचा पहिलाच टोला देताना तडकली. मग पास आणि स्टो या दोघा स्थानिक कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली, एकदा नव्हे, दोनदा. तिच्यावर त्यांची नावं आहेत, आणि वर बायबलमधलं, देशभर सर्वांना स्वातंत्र्याची ग्वाही द्या अशा अर्थाचं वचन आहे. आपण चित्रात जी रुंद, वेडीवाकडी फट पाहतो तिलाच मी एकतीस वर्षं 'तडा' म्हणत आले. मूळ तडा त्याहून बारीक होता. त्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासून आवाज बिघडू नये म्हणून कारागिरांनी तो मुद्दाम कोरून रुंद केला. म्हणजे ती फट ही दुरुस्ती आहे! फटीच्या आत डोकावलं तर कडांवर हत्याराच्या खुणा दिसतात. १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या जयंतीला घंटा वाजवली आणि दुसरा तडा गेला. तो अगदी केसासारखा आहे. रुंद फट जिथे संपते तिथून तो वर चढतो आणि थेट 'लिबर्टी' या शब्दातून आरपार जातो. त्यानं ती कायमची मुकी झाली. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शेजारी सपाट काठाची टोपी घातलेली पार्क रेंजर उभी होती. तिनं माझी नजर कुठे आहे ते पाहिलं आणि नुसतं बोट वर नेऊन त्या रेषेचा शेवट दाखवला. पाच वर्षांपूर्वी काचेबाहेरून यातलं काय दिसणार होतं?

आणि घंटेपर्यंत पोचायच्या आधी वाटेत काय लागतं तेही काचेबाहेर थांबलेल्याला कळत नाही. त्या इमारतीच्या दाराशीच एका घराचं जोतं आहे. वर छप्पर नाही, अर्ध्या भिंती उभ्या केल्या आहेत. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना, फिलाडेल्फिया देशाची तात्पुरती राजधानी होती तेव्हा, १७९० ते १७९७ या काळात ते याच घरात राहिले. त्यांच्याबरोबर माउंट व्हर्नन या त्यांच्या मळ्यावरून आणलेले नऊ गुलाम इथे राबत होते. त्या नऊ जणांची नावं मी दगडात कोरलेली पाहिली. पेन्सिल्व्हेनियाचा १७८० चा कायदा असा होता की बाहेरून आणलेला गुलाम राज्यात सलग सहा महिने राहिला तर त्याला स्वातंत्र्य मागता येई. म्हणून मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर पाठवायचं आणि परत आणायचं, असं चाले. मी वर्गात वॉशिंग्टनची सचोटी शिकवली. त्यांनी सत्ता सोडली ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती आजही मला मोठीच वाटते. पण हे मी कधी शिकवलं नव्हतं, कारण मला माहीतच नव्हतं.

त्या नवांत ओनी जज नावाची विशीतली मुलगी होती, मार्था वॉशिंग्टन यांची दासी. मे १७९६ मध्ये एके दिवशी घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ती दारातून बाहेर पडली, गलबतानं न्यू हॅम्पशायरला गेली आणि पुन्हा कधी हाती लागली नाही. राष्ट्राध्यक्षांनी माणसं लावून तिला परत आणायचा प्रयत्न केला. म्हातारपणी तिनं एका वृत्तपत्राला मुलाखत दिली, तेव्हाही पळून आल्याचा पश्चात्ताप नाही असंच सांगितलं. त्या जोत्यापासून मान वर केली की घंटेचं घर आणि त्यामागे इंडिपेन्डन्स हॉलचा मनोरा, सगळं एका नजरेत येतं. या घंटेला 'लिबर्टी बेल' हे नावसुद्धा १८३० नंतरच्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी दिलं. तोवर ती नुसती सभागृहाची घंटा होती. घर, घंटा, सभागृह या क्रमानं चाललं तर हे सारं आपसूक उलगडतं. बसमधून उतरून काचेशी उभं राहिलं तर यातलं काहीच नाही.

सभागृहाची खोली लहान आहे. हिरवी कापडं घातलेली मेजं, त्यांवर दौती-टाक. पुढे उंच पाठीची एक खुर्ची, तीच वॉशिंग्टन यांची मूळ खुर्ची. १७८७ च्या उन्हाळ्यात राज्यघटना घडत होती तेव्हा ते तिच्यावर अध्यक्ष म्हणून बसले होते. पाठीच्या वरच्या कडेला अर्धा सूर्य कोरलेला आहे. हा सूर्य उगवतीचा की मावळतीचा हे मला इतके दिवस कळत नव्हतं, आज कळलं, तो उगवतीचा आहे, अशा अर्थाचं बेंजामिन फ्रँकलिन सह्या होताना म्हणाले होते. हा प्रसंग मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगायचे. प्रत्यक्षात तो सूर्य किती छोटा आहे!

बाहेर आलो तर मागच्या चौकात पानं पडत होती. शरद ऋतूतच इथे यावं हे माझं म्हणणं त्या बाकावर बसल्यावर पक्कं झालं. ८ जुलै १७७६ ला जाहीरनामा लोकांना पहिल्यांदा मोठ्यानं वाचून दाखवला तो याच चौकात. उन्हाळ्यात इथे दमट उकाडा असतो आणि शाळांना सुट्ट्या असल्यामुळे गर्दीही. ऑक्टोबरच्या अखेरीला ऊन तिरपं येतं, विटांचा तांबडा रंग त्यात खुलतो, आणि आमच्या वयाची माणसं न दमता मैल-दोन मैल चालू शकतात. पलीकडच्या वॉशिंग्टन चौकात त्या युद्धातल्या अनाम सैनिकाची समाधी आहे, तिथली ज्योत पाहिली. फ्रँकलिन यांची कबर पाचव्या आणि आर्च रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. ती कुंपणाच्या गजांतून फुटपाथवरूनच दिसते, वर लोकांनी टाकलेली नाणी होती. शेवटी एल्फ्रेथ्स अ‍ॅलीला गेलो. अरुंद दगडी बोळ, बत्तीस जुनी घरं, काही तर जवळपास तीनशे वर्षांची, आणि बहुतेकांत माणसं राहतात. पायऱ्यांवर भोपळे मांडले होते. एका खिडकीत मांजर झोपलं होतं. तिथे आम्ही काहीही न बोलता बराच वेळ उभे होतो.

आता बोस्टन. तिथे जाताना आम्ही मुद्दाम आगगाडी घेतली. न्यू जर्सीतल्या नूअर्कहून साधारण साडेचार तास. जाताना उजवीकडची खिडकी धरावी, कारण न्यू हेवनच्या पुढे बराच वेळ समुद्राची खाडी आणि खाजणं दिसत राहतात आणि डावीकडे लाल-पिवळी झाडी.

बोस्टनमध्ये वाट विचारावी लागत नाही. 'फ्रीडम ट्रेल' म्हणून अडीच मैलांची तांबडी रेघ फुटपाथवरच आखलेली आहे, कुठे विटांची, कुठे रंगाची. तिच्यावर सोळा ठिकाणं. एका स्थानिक पत्रकारानं ही कल्पना १९५१ मध्ये मांडली. एका पत्रकाराच्या लेखणीनं एवढं होऊ शकतं, हे आपल्याला लिहिताना मला विशेष सांगावंसं वाटतं. रेघ बोस्टन कॉमन या १६३४ पासूनच्या बागेत सुरू होते, स्टेट हाउसच्या सोनेरी घुमटाखालून जाते आणि ग्रॅनरी दफनभूमीत वळते. तिथे सॅम्युअल अ‍ॅडम्स, जॉन हॅनकॉक आणि पॉल रिव्हिअर हे स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी आहेत. ५ मार्च १७७० ला ब्रिटिश सैनिकांनी केलेल्या गोळीबारात मेलेले पाच जण एकाच कबरीत आहेत. त्यांतला क्रिस्पस अ‍ॅटक्स आफ्रिकी वंशाचा खलाशी होता. काळपट पाटीदगडांवर पंख असलेल्या कवट्या कोरलेल्या, आणि त्यांच्या पायाशी ओली पिवळी पानं.

पण माझा पाय अडला तो ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये. १६ डिसेंबर १७७३ ला पाचेक हजार माणसं या प्रार्थनागृहात आणि बाहेरच्या रस्त्यावर जमली होती. इथून निघून लोक धक्क्यावर गेले आणि त्यांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात टाकल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा. मी लाकडी बाकावर बसले होते आणि भिंतीवरची ती तारीख वाचता वाचता एकदम अंगावर काटा आला. १७७३! त्याच साली, ३० ऑगस्टला, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'काका, मला वाचवा' मी आठवड्याच्या पहिल्या तासाला शिकवायचे आणि 'बोस्टन टी पार्टी' चौथ्या तासाला, दुसऱ्या वर्गाला. मध्ये फक्त साडेतीन महिन्यांचं अंतर आहे हे एकतीस वर्षांत एकदाही लक्षात आलं नाही. मग बाकावर बसल्या बसल्या जुळवत गेले. मार्च १७७५ मध्ये रघुनाथराव सुरतेला याच कंपनीशी तह करतात आणि एप्रिल १७७५ मध्ये बोस्टनजवळ लेक्झिंग्टनला युद्धाची पहिली चकमक होते. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाचच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे येतो. दोन वेगळ्या पुस्तकांतले धडे एका बाकावर एकत्र आले. असं घरी बसून वाचतानाही व्हायला हवं होतं, पण झालं नाही. तिथे गेल्यावर झालं.

त्याच सभागृहात फिलिस व्हीटलीचा पुतळा आहे. गुलाम म्हणून लहानपणी आफ्रिकेतून आणलेली मुलगी, याच प्रार्थनागृहाच्या मंडळीची सभासद झाली आणि तिचा कवितासंग्रह लंडनला छापला गेला, तोही १७७३ मध्येच. पुढे १८७६ मध्ये ही इमारत पाडायला काढली होती. बोस्टनच्या लोकांनी, त्यांत बायका पुढे होत्या, पैसे उभे करून ती वाचवली. एक इमारत वाचली म्हणून मला साताऱ्याहून येऊन त्या बाकावर बसता आलं.

पुढची ठिकाणं भराभर पाहिली. ओल्ड स्टेट हाउससमोर गोळीबाराच्या जागी फरसबंदीत दगडांचं वर्तुळ आहे. भोवती काचेचे उंच मनोरे आणि घाईनं चाललेली ऑफिसची माणसं. ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यात १८ एप्रिल १७७५ च्या रात्री, ब्रिटिश सैन्य पाण्याच्या वाटेनं निघालं आहे ही खूण म्हणून, दोन कंदील टांगले होते. बंकर हिलच्या लढाईच्या स्मारकस्तंभाला २९४ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. मी खाली थांबले.

संपादक महोदय, माझं सहल कंपन्यांना आणि त्यांच्याबरोबर जाणाऱ्या माझ्या वयाच्या वाचकांना कळकळीचं सांगणं आहे. २०२६ हे त्या जाहीरनाम्याचं २५० वं वर्ष. जाहिरातींत फिलाडेल्फियाचं नाव ठळक होणार. पण कार्यक्रमात तिथे किती तास आहेत आणि आत नेणार आहेत का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा. खरेदीचा अर्धा दिवस तिकडे द्या म्हणावं. आपण विचारत नाही म्हणून ते देत नाहीत. बसमधल्या बत्तीस जणांपैकी तेव्हा मीही तोंड उघडलं नव्हतं, ही माझीही चूक आहे.

आणि पानांचं गणितही कंपन्यांनी नीट मांडावं. रंग उत्तरेकडून आणि उंचावरून खाली उतरतो. व्हर्मांटचे डोंगर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात भरात असतात, बोस्टनच्या बागा महिन्याच्या उत्तरार्धात, आणि फिलाडेल्फिया ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे डोंगरांवरची पानं गळाली तरी शहरांतली शिल्लक असतात. डोंगरापासून सुरुवात करून सावकाश दक्षिणेला उतरलं तर रंग आपल्याबरोबर चालतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी सुट्टी असते, तो जोडून आलेला शनिवार-रविवार टाळावा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे होतात आणि मग बोस्टनला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा बाहेरचं पाहणं सकाळी आणि सभागृहांतलं दुपारनंतर ठेवावं. अंगावर एकावर एक दोन-तीन कपडे असावेत, सावलीत झोंबरा वारा लागतो.

मुलांकडे सहा-सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांनाही सांगते. शनिवारी कोणी गाडीनं नेईल म्हणून आठवडाभर खिडकीत बसू नका. आम्हा दोघांचं मिळून वय तेव्हा एकशे सदतीस होतं. ट्रेंटनला फलाट चुकलो, एका पोरीनं हाताला धरून योग्य फलाटावर नेलं. तेवढंच.

पत्र लांबलं आहे. कापावं लागलं तर बाकीचं कापा, पण पैसे भरण्यापूर्वी काय विचारावं तो भाग ठेवा, अशी विनंती. आमचं न्यू यॉर्क अजून राहिलं आहे. मॅनहॅटनमध्ये १९९१ साली सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकी गुलामांची विसरलेली दफनभूमी सापडली, आणि त्यांतल्या ४१९ जणांचे अवशेष २००३ च्या ऑक्टोबरात पुन्हा तिथेच पुरले. पुढच्या वेळी आधी तिकडे जायचं आहे. नंतर पुन्हा बोस्टन, कारण नात आता नऊ वर्षांची झाली आहे आणि बंकर हिलच्या पायऱ्या मोजत वर जाऊन मला वरून हात करायचं तिनं कबूल केलं आहे.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
सातारा